गहाण पडलेली समाधी

गीतेच्या सहाव्या अध्यायात कृष्ण ध्यानाची सगळी सिद्धता सांगतो. जागा कशी हवी, आसन किती उंच, मान आणि पाठ कशी, खाणं-झोपणं किती. अर्जुन ते ऐकून घेतो आणि स्पष्ट सांगतो की हे टिकेल असं मला दिसत नाही. मन चंचल आहे, दांडगं आहे, त्याला आवरणं म्हणजे वाऱ्याला आवरणं. या तक्रारीवर कृष्णाने दिलेल्या उत्तराचा उत्तरार्ध बहुतेकांना ठाऊक असतो : अभ्यास आणि वैराग्य. पूर्वार्धापाशी मी फार उशिरा थांबले. 'असंशयं महाबाहो मनो दुर्निग्रहं चलम्.' तू म्हणतोस ते खरं आहे, मन आवरायला कठीणच आहे, यात शंका नाही. उपाय त्यानंतर येतो.

एवढं मान्य करणारं माणूस मला चाळिशी ओलांडल्यावर भेटलं, दादरच्या एका दवाखान्यात. त्या मनोविकारतज्ज्ञ होत्या. त्यांनी बराच वेळ प्रश्न विचारले, आईने जपून ठेवलेली माझी प्रगतिपुस्तकं शांतपणे वाचली ('हुशार आहे, पण वर्गात लक्ष नसते' हा शेरा वेगवेगळ्या बाईंच्या अक्षरांत जवळजवळ प्रत्येक इयत्तेत होता) आणि म्हणाल्या, "तुम्ही आळशी नाही आहात. हे तुम्हाला खरोखरच इतरांपेक्षा अवघड जातं." एडीएचडी (अटेन्शन डेफिसिट हायपरॲक्टिव्हिटी डिसऑर्डर) हे नाव त्यानंतर आलं.

प्रगतिपुस्तकं मागितली याचं मला नवल वाटलं होतं. पण तो निदानाचा भागच असतो. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेची जी निदानपुस्तिका जगभर वापरली जाते, तिच्या २०१३च्या पाचव्या आवृत्तीनुसार लक्षणं बारा वर्षांच्या आधीपासून दिसलेली असावी लागतात आणि एकाहून अधिक ठिकाणी, म्हणजे घरीही आणि शाळेत किंवा कामावरही, दिसावी लागतात. मोठ्या माणसाला अचानक चाळिशीत एडीएचडी होत नाही. तो होताच, कुणी ओळखला नव्हता. मुलींच्या बाबतीत तर हे फारच घडतं. बाकावरून उठून धावणारा मुलगा सगळ्यांना दिसतो. खिडकीशी बसून मनाने तिसऱ्याच गावी गेलेली मुलगी कुणाला त्रास देत नाही, म्हणून ती राहून जाते.

निदान झालं तेव्हा मला दुःख झालं नाही. मला माझ्या आईला फोन करावासा वाटला, आणि मी केला. ती म्हणाली, "मग इतकी वर्षं तुला उगाच ओरडलो गं आम्ही." तिला मी सांगितलं की तुम्ही जे जाणत होता त्यावर वागलात. ते मी मनापासून म्हटलं होतं.

या आजाराच्या इंग्रजी नावात लक्षाची कमतरता आहे असं म्हटलंय. ते नाव मला आजही अपुरं वाटतं, कारण माझ्या आयुष्यात लक्ष कमी पडलेलं नाही. ते कुठे जाईल यावर माझा ताबा नसतो, एवढंच. मी टायटल सर्चचं काम करते. मुंबईतली जुनी मालमत्ता विकायची किंवा पुनर्विकासाला द्यायची असली की वकील आधी तीस वर्षांचा सर्च मागतात : मूळ मालक कोण, वाटणी कधी झाली, बहिणींनी हक्कसोडपत्र दिलं का, बँकेचं गहाणखत सुटलं का, कोर्टात दावा आहे का. आता पुष्कळसं ऑनलाइन दिसतं, तरी फोर्टात जुन्या कस्टम हाउसकडे जाऊन जुने इंडेक्स चाळण्याला पर्याय नाही. गिरगावातल्या एखाद्या चाळीच्या मालकीची साखळी उलगडू लागली की मला काही लागत नाही. तहान नाही, भूक नाही, शेजारी कुणी मोठ्याने भांडत असलं तरी ऐकू येत नाही. एका नावापासून दुसऱ्या नावाकडे, विधवा सुनेकडून दत्तक मुलाकडे, तिथून ट्रस्टकडे मी जात राहते. वकील खूश असतात. त्याच दिवशी संध्याकाळी विजेचं बिल भरायला मोबाइल हातात घेतला की ते तीन मिनिटांचं काम मला करवत नाही. अंग अक्षरशः नकार देतं.

डोपामिन आणि नॉरॲड्रेनॅलिन या मेंदूतल्या रसायनांशी, आणि कपाळामागच्या ज्या भागात आखणी, थांबणं, सुरुवात करणं यांचा कारभार चालतो त्या भागाशी याचा संबंध आहे, हे आता पुष्कळ संशोधनातून पुढे आलंय. जुळ्यांच्या अभ्यासांतून आनुवंशिकतेचा वाटा सुमारे ७४ टक्के निघतो, म्हणजे उंचीच्या जवळपास. महत्त्वाचं काम आणि मन धरून ठेवणारं काम या दोन गोष्टी बहुतेकांच्या मेंदूत थोड्याफार जुळलेल्या असतात. माझ्यासारख्यांच्या मेंदूत त्या फार सुट्या असतात. बिल महत्त्वाचं आहे हे मला पूर्ण कळतं. कळण्याने हात हलत नाही.

योगाकडे मी निदानाच्या आधीच वळले होते, पाठदुखीमुळे. भांडुपला आमच्या घराजवळच्या महापालिकेच्या शाळेत रविवारी सकाळी वर्ग भरतो. सतरंजी आपली आपण न्यायची. शिकवणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका आहेत, सत्तरी उलटलेल्या, संस्कृत शिकवायच्या. मुंबईत अशा वर्गांची परंपरा जुनी आहे आणि मला तिचं मोल वाटतं. श्री योगेंद्रांनी १९१८ साली वर्सोव्याला योग इन्स्टिट्यूट सुरू केली, जी पुढे सांताक्रूझला स्थिरावली. लोणावळ्याला १९२४मध्ये कैवल्यधाम काढणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनी नंतर मरीन ड्राइव्हवर केंद्र उभं केलं. या माणसांनी योग गुहेतून काढून नोकरदाराच्या घरात आणला. हे घर लहान, शेजार कानाला लागून, दारात दूधवाला, कुकरच्या शिट्ट्या. म्हणजे मुंबईच्या योगाने सुरुवातीपासून व्यत्यय धरूनच काम केलेलं आहे.

आसनं झाली की आमच्या बाई एक सूत्र घेतात. एका रविवारी त्यांनी पातंजल योगसूत्रांच्या पहिल्याच सूत्रावरचं व्यासांचं भाष्य वाचलं. त्यात चित्ताच्या पाच भूमी आहेत : क्षिप्त, मूढ, विक्षिप्त, एकाग्र, निरुद्ध. क्षिप्त म्हणजे सतत फेकलं जाणारं, मूढ म्हणजे जडावलेलं. विक्षिप्त या शास्त्रातल्या अवस्थेचं, व्यासभाष्यावर टीका लिहिणाऱ्या वाचस्पती मिश्रांनी केलेलं वर्णन बाईंनी सांगितलं तेव्हा मी वही काढली. बहुतांशी अस्थिर, पण अधूनमधून स्थिर होणारं चित्त. क्षिप्ताहून त्याचं वेगळेपण तेवढंच, की कधीतरी ते थांबतं.

पुढे तिसाव्या सूत्रात नऊ अंतराय, म्हणजे अडथळे, येतात. त्यांतला शेवटचा अनवस्थितत्व : जागा मिळाली, पण तिथे टिकता आलं नाही. एकतिसाव्यात त्यांचे सोबती येतात, आणि त्यांत अंगमेजयत्व आहे, म्हणजे अंगाची थरथर, अस्वस्थ हालचाल. हे वाचून पतंजलींना एडीएचडी ठाऊक होता असं म्हणण्याचा मोह होतो, आणि समाजमाध्यमांवर तसं सांगणारे भेटतातही. मला ते पटत नाही. सूत्रं सगळ्याच माणसांच्या चित्ताबद्दल आहेत. एडीएचडी ही ठरावीक निकषांनी ओळखली जाणारी, जन्मतःच्या घडणीतली गोष्ट आहे. दोन्हींना एकमेकांच्या चौकटीत कोंबलं की दोन्ही लहान होतात. माझ्या उपयोगाची गोष्ट दुसरीच होती. ज्या अस्थिरतेला मी चारित्र्यातला डाग समजत आले होते, तिला हे शास्त्र साधनेची नेहमीची सुरुवातीची जमीन समजतं. पतंजली 'तुझं लक्ष का नसतं' असं विचारतच नाहीत. लक्ष नसतं हे धरून ते पुढे काय करायचं ते सांगतात.

आणि सांगतात तेही एकच नाही. तेहतीसपासून एकोणचाळीसपर्यंतच्या सूत्रांत चित्त प्रसन्न आणि स्थिर करण्याचे पर्यायामागून पर्याय येतात, बहुतेकांना 'वा' जोडलेला. मैत्री, करुणा यांची भावना. किंवा श्वास बाहेर सोडणं आणि धरणं. किंवा एखाद्या इंद्रियाच्या सूक्ष्म अनुभवावर मन टेकवणं. किंवा शोकरहित प्रकाश. किंवा ज्याची आसक्ती गेली आहे अशा कुणाचं चित्त. किंवा स्वप्न आणि झोपेतलं ज्ञान. आणि शेवटी सगळी दारं उघडून टाकणारं : 'यथाभिमतध्यानाद्वा'. किंवा तुला जे प्रिय असेल त्याचं ध्यान. इतक्या काटेकोर, एक अक्षर वाया न घालवणाऱ्या ग्रंथात ही एवढी उदारता बघून मी हरखले होते.

माझ्या बाबतीत सुरुवात शरीरापासून झाली, आणि ती तशीच व्हायला हवी होती असं मला वाटतं. डोळे मिटून बसणं हे मला पहिल्या पायरीवर देऊन उपयोगाचं नव्हतं. डोळे मिटले की बाहेरचं कमी होतं आणि आतली गर्दी वाढते. वृक्षासनाचं तसं नाही. एका पायावर उभं राहायचं, नजर समोर भिंतीवरच्या एका खुणेवर. मन गेलं की त्याच क्षणी घोटा सांगतो, तोल जातो. बातमी ताबडतोब मिळते, कुणी रागावत नाही, पाय परत उचलायचा. उशिरा मिळणाऱ्या फळावर माझा मेंदू चालत नाही. इथे फळ जागच्या जागी होतं. बसून करायच्या प्राणायामात माझी पावलं हलत राहायची. बाईंनी ते पाहिलं आणि एवढंच म्हणाल्या, "हलू दे. श्वास सोडताना किती लांब जातोय ते बघ." चौतिसावं सूत्र श्वास सोडण्यापासूनच सुरू होतं. लांब सोडलेला श्वास शरीराला शांत करतो हे शरीरशास्त्रालाही ठाऊक आहे : श्वास सोडताना व्हेगस नाडीच्या कामामुळे हृदयाचे ठोके थोडे मंदावतात. पावलं कधीतरी आपोआप थांबत. नेहमी नाही.

मग ध्यानाला जागा कोणती? घरात मला ती सापडली नाही. ती सापडली सकाळच्या स्लो लोकलमध्ये. योगसूत्रांच्या तिसऱ्या पादाचं, म्हणजे भागाचं, पहिलं सूत्र म्हणतं, चित्ताला एका ठिकाणी बांधणं म्हणजे धारणा. बाईंना मी विचारलं होतं की किती वेळ. त्या म्हणाल्या, "सूत्रात मिनिटं नाहीत." तेव्हापासून माझं माप भांडुप ते कांजूरमार्ग आहे. गाडी सुटली की श्वास नाकाशी जिथे लागतो तिथे लक्ष ठेवायचं. लेडीज डब्यात त्या वेळी काय नसतं : भजनी मंडळाच्या टाळ्या, कानातल्यांचे पुठ्ठे घेऊन फिरणारी, भाजी निवडणाऱ्या, फोनवर कुणाला तरी दटावणारी, तिघींच्या सीटवर चौथी बसू पाहणारी. मन जातं. मग वरून आवाज येतो, पुढील स्टेशन कांजूरमार्ग, तीन भाषांत, आणि मी परत येते. मग कांजूरमार्ग ते विक्रोळी. विक्रोळी ते घाटकोपर. घाटकोपरला मेट्रोची गर्दी आत घुसते तेव्हा ध्यान वगैरे राहत नाही, पिशवी सांभाळायची असते. तो तुकडा मी सोडून देते. शीव, माटुंगा, दादर, परळ. प्रत्येक ठिकाणी नवी सुरुवात, आणि आधीच्या तुकड्याचा हिशोब कुणी मागत नाही.

अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात २०१२ साली झालेला एक प्रयोग मला या संदर्भात फार महत्त्वाचा वाटतो. चौदा अनुभवी ध्यानसाधकांना स्कॅनिंगच्या यंत्रात झोपवून श्वासावर लक्ष ठेवायला सांगितलं. मन भटकलंय हे ज्या क्षणी कळेल त्या क्षणी बटण दाबायचं. त्या क्षणाच्या आगेमागे मेंदूत काय चाललंय ते पाहिलं, तेव्हा भटकणं, भटकल्याचं कळणं, परत वळणं आणि टिकणं या चार टप्प्यांत मेंदूची वेगवेगळी जाळी पुढे आलेली दिसली. म्हणजे 'कळणं' ही स्वतंत्र घटना आहे. ती लक्षाचा भाग नाही आणि भटकण्याचाही नाही. गीतेतला श्लोक, मन जिथून जिथून निसटेल तिथून तिथून त्याला परत आणावं, मी आधी शिस्तीची आज्ञा म्हणून वाचत असे. पण त्यात निसटणं गृहीत धरलेलं आहे, तेही 'जिथून जिथून', म्हणजे पुन्हा पुन्हा. ज्याचं मन शंभरदा जातं त्याला परत येण्याची शंभर वेळा संधी आहे. माझ्यापाशी ती संधी भरपूर आहे.

इथे वैराग्याचा प्रश्न येतो, आणि तो मला बराच काळ छळत होता. माझं मन गोडीवर चालतं. जिथे रस नाही तिथे ते जातच नाही. मग ज्या मार्गाचा अर्धा भार वैराग्यावर आहे तो माझ्यासाठी कसा? याचं उत्तर मला ज्ञानेश्वरीत मिळालं. सहाव्याच अध्यायात अर्जुनाच्या या तक्रारीवर माउली रमतात. मन केवढं आहे ते पाहू म्हटलं तर सापडत नाही, आणि वावरायला त्याला त्रैलोक्य अपुरं पडतं, असं अर्जुन म्हणतो. माकडाला समाधी कशी लागेल, असंही विचारतो. आणि मग कृष्णाच्या तोंडून ही ओवी येते :

कां जें यया मनाचें एक निकें ।
जें देखिलें गोडीचिया ठाया सोके ।
म्हणौनि अनुभवसुखचि कवतिकें ।
दावीत जाइजे ॥

या मनाची एक गोष्ट चांगली आहे. गोडी चाखलेल्या जागेला ते सोकावतं. म्हणून त्याला कौतुकाने अनुभवाचं सुखच दाखवत जावं.

१२९०च्या सुमाराला नेवाशात एक विशीसुद्धा न गाठलेला मुलगा हे सांगतोय. मनाचा जो दोष म्हणून सगळे दाखवतात, गोडीला लागण्याचा, त्यालाच तो 'निकें' म्हणतो आणि त्याच्यावरच सगळा अभ्यास उभा करतो. 'कवतिकें' म्हणजे मारून मुटकून नाही. ही ओवी मी पहिल्यांदा नीट वाचली तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला रोज ध्यानासाठी सक्ती करायची नव्हती. ध्यानात गोड काय आहे ते मनाला दाखवायचं होतं. लांब सोडलेल्या श्वासाच्या अगदी शेवटी, पुढचा श्वास येण्याआधी, एक छोटी मोकळी जागा असते. ती मला आवडते. मी मनाला तीच दाखवत राहते. भांडुप ते कांजूरमार्गमध्ये ती एकदा जरी भेटली तरी मन विक्रोळीपर्यंत स्वतःहून येतं.

गोळ्यांबद्दल लिहायला हवं, कारण नात्यातल्या सगळ्या काकू-मावश्यांनी मला तेच विचारलंय : "योग करतेस ना, मग गोळ्या कशाला?" मी मेथिलफेनिडेट घेते, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. एडीएचडीवर औषधांच्या परिणामाचा पुरावा भक्कम आहे. ध्यानाचा पुरावा त्या मानाने कोवळा आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस इथल्या संशोधकांचा २००८मधला सुरुवातीचा अभ्यास चोवीस प्रौढ आणि आठ किशोरवयीनांवरचा होता, आठ आठवड्यांचा. त्यात लक्षणं कमी झाल्याचं सहभागींनी सांगितलं. पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. त्यानंतरचे अभ्यास उत्साह वाढवणारे आहेत, औषधाची जागा घेण्याइतके नाहीत. योगाच्या नावाने कुणाची गोळी बंद करायला सांगणं मला क्रूरपणाचं वाटतं. शास्त्राचा आधार हवा असेल तर तिसाव्या सूत्रात नऊ अंतरायांतला पहिला शब्द पाहावा : व्याधी. आळस आणि प्रमाद नंतर येतात. शरीराच्या घडणीतला बिघाड आधी बघायचा असतो. माझ्या अनुभवात गोळी सुरुवात करायचं बळ देते. काय सुरू करायचं ते गोळीला ठाऊक नसतं.

चौदाव्या सूत्राशी मात्र माझं अजून जमलेलं नाही. अभ्यास दीर्घकाळ, अखंड आणि आदराने केला तर दृढ होतो, असं ते म्हणतं. दीर्घकाळ चालेल, आदर भरपूर आहे. नैरंतर्य ही माझ्या घडणीला सर्वांत परकी गोष्ट आहे. एखादी सवय मला महिनोन्‌महिने लागलेली असते आणि पाहुणे आले, ताप आला, की ती पुसली जाते, पुन्हा पहिल्यापासून. यावर मला सूत्रांत नाही, रविवारच्या वर्गात आधार मिळाला. इतर माणसं सतरंजी टाकून बसलेली असली की मीही बसते. एडीएचडी असलेल्या पुष्कळांना शेजारी कुणी नुसतं असलं तरी काम करता येतं. आपल्याकडे वारकरी एकटा चालत नाही, दिंडीत चालतो. दिंडी चालत राहते म्हणून तोही चालतो. नैरंतर्य एकट्याच्या अंगातच असावं असं सूत्रात कुठे लिहिलेलं नाही, असं मी बाईंना म्हणाले. त्यांनी मान डोलावली. पटलं म्हणून की ऐकलं म्हणून, ते मला कळलं नाही.

आणि आता त्या वादाबद्दल, ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं.

बाईंना मी कामात हरवण्याबद्दल सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "अगं मग तुला वेगळं ध्यान कशाला? रजिस्टर उघडलं की तुझं ध्यान लागतंच." मी म्हटलं, ते ध्यान नाही. चौथं सूत्र म्हणतं की एरवी द्रष्टा, म्हणजे आतला पाहणारा, वृत्तीशी, म्हणजे मनात उठलेल्या तरंगाशी, एकरूप होऊन जातो, आणि मी तेच होते. तिथून उठते तेव्हा मान आखडलेली असते, चिडचिड होते, कुणी हाक मारली तर अंगावर काटा येतो. ध्यानातून उठणारं माणूस असं उठत नाही. बाई हसल्या आणि त्यांनी तिसऱ्या पादातली समाधीची व्याख्या म्हणून दाखवली : जिथे फक्त विषयच प्रकाशतो, आपलं स्वरूप जणू उरतच नाही. "तुझ्या रजिस्टराचं वर्णन यापेक्षा वेगळं करून दाखव," असं आव्हान त्यांनी दिलं.

मला ते करून दाखवता आलं नाही. गिरगावच्या त्या चाळीची साखळी उलगडताना माझं स्वरूप खरोखरच उरत नाही. मी घरी येऊन पुन्हा व्यासभाष्य उघडलं, त्या पाच भूमींच्या आगेमागे, आणि जे त्या पहिल्या रविवारी ऐकून सोडून दिलं होतं ते तिथे होतं. व्यास म्हणतात, योग म्हणजे समाधी, आणि ती चित्ताच्या सगळ्या भूमींवर असणारा चित्ताचा धर्म आहे. सगळ्या. क्षिप्तातही, मूढातही. आणि लगेच पुढे : विक्षिप्त चित्तातली समाधी विक्षेपाच्या, म्हणजे चित्ताच्या भरकटण्याच्या, अधीन झालेली असते, म्हणून ती योगाच्या बाजूला धरली जात नाही.

बाईंचंही खरं होतं आणि माझंही. समाधी आहे, तिच्या अस्सलपणाबद्दल शंका नाही. पण ती विक्षेपाच्या ताब्यात आहे. मालमत्ता माझी, सातबारावर नाव माझं, आणि गहाणखत दुसऱ्याकडे. कधी वापरायची ते तोच ठरवणार. मला इतकी वर्षं लोक सांगत आले की तुझ्यापाशी एकाग्रता नाही. एकाग्रता आहे. ती सोडवून आणायची आहे.

सोडवायची कशी, यावर सूत्रात 'एकतत्त्वाभ्यास' आहे, एकाच तत्त्वाचा अभ्यास. मी श्वास धरलाय. एक दस्त वाचून झाला की पेन खाली ठेवायचं, एक श्वास पूर्ण सोडायचा, मग पुढचं नाव. ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात त्या ओढीच्या मध्यावर पेन खाली ठेवणं ही मला माहीत असलेली सर्वांत कठीण साधना आहे, शीर्षासनाहून कितीतरी कठीण. आत काहीतरी ओरडतं की आत्ता नको, पुढचं नाव बघून मग. लोकलमध्ये घोषणा होते, इथे कुणी घोषणा करत नाही. म्हणून दुपारी चहावाला येतो त्याची किटली मी घोषणा म्हणून धरलीय. ग्लास हातात आला की मान वर, नजर खिडकीबाहेर, एक लांब श्वास. हल्ली कधीकधी चहावाला येण्याआधीच मान वर जाते. दोन नावांच्या मधे, कुणी न सांगता, 'मी वाचतेय' हे कळतं आणि वाचन तुटत नाही. ते फार थोडा वेळ टिकतं. पण त्या वाचनातून उठताना मान आखडलेली नसते.

बाईंना हे सांगितलं तेव्हा त्यांना आनंद झाला, आणि लगेच नवा मुद्दा निघाला. त्यांचं म्हणणं आहे की आता किटली सोडून द्यावी. तिसऱ्या पादात म्हटलंय की निरोधाच्या संस्कारांनी, म्हणजे वृत्ती थांबवण्याच्या सरावाने उमटलेल्या ठशांनी, चित्त शांत वाहू लागतं. संस्कार आतून काम करतील, बाहेरच्या घंटेवर अवलंबून राहू नये. माझं म्हणणं असं की संस्कार ज्या पुनरावृत्तीतून घडतो तीच माझ्या मेंदूत सहज पुसली जाते, तेव्हा बाहेरची घंटा ही माझ्यासारखीला कुबडी म्हणून देऊ नये. ती साधनेचं अंग म्हणून मान्य व्हावी, देवळाच्या दारात घंटा असतेच ना. बाई म्हणाल्या, घंटा दारात असते, गाभाऱ्यात नसते. यावर माझ्याकडे अजून उत्तर नाही. येत्या रविवारी त्या नवव्या आणि दहाव्या सूत्रावरचं भाष्य घेणार आहेत, आणि मी वाचस्पतींची टीका वाचून जाणार आहे.